तुमचं दुखणं तुमच्याच शब्दांत सांगा: बोलक्या प्राण्यांच्या एका मालिकेच्या निमित्ताने



या ब्लॉगवर एरवी मी मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, पित्त अशा विषयांवर लिहितो. आज मात्र तुम्हाला एका विनोदी ॲनिमेशन मालिकेविषयी सांगणार आहे आणि त्या निमित्ताने माझं एक मत मांडणार आहे. मत साधं आहे. डॉक्टरांकडे गेल्यावर तक्रार आजाराच्या नावात सांगण्याऐवजी तुमच्या रोजच्या बोलीत सांगा. निदान लवकर आणि नेमकं होण्याची शक्यता त्याने वाढते. वाचायला हे सोपं वाटेल, पण दवाखान्यात रोज याच्या उलट घडताना दिसतं.

मालिका कोणती?

मालिकेचं नाव 'क्रिएचर कम्फर्ट्स'. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 'आर्डमन' नावाचा स्टुडिओ आहे. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या दोन मित्रांनी तो १९७२ मध्ये सुरू केला. तुमच्या घरातल्या मुलांनी 'शॉन द शीप' पाहिलं असेल, तर तेही याच स्टुडिओचं. १९८९ मध्ये निक पार्क या दिग्दर्शकाने तिथे पाच मिनिटांचा 'क्रिएचर कम्फर्ट्स' हा लघुपट केला. १९९१ च्या सोहळ्यात त्याला सर्वोत्तम ॲनिमेशन लघुपटाचं ऑस्कर मिळालं. गंमत म्हणजे त्याच गटात स्पर्धेला निक पार्क यांचाच दुसरा लघुपटही होता. पुढे २००३ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर याची मालिका आली. तिचं दिग्दर्शन रिचर्ड गोलेझॉव्स्की यांनी केलं.

तंत्र आहे 'स्टॉप-मोशन'. लहान मुलं खेळतात तशा रंगीत क्लेचे प्राणी बनवायचे, त्यांची मान किंवा ओठ जरासे हलवायचे, एक फोटो घ्यायचा, पुन्हा जरासं हलवायचं, पुन्हा फोटो. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशी २४-२५ चित्रं लागतात. दिवसभर राबल्यावर हातात जेमतेम काही सेकंदांची फिल्म येते.

प्राण्यांचे आवाज कुठून आणले, हे जास्त महत्त्वाचं आहे. ते नटांचे नाहीत आणि संवाद कोणी लिहिलेले नाहीत. साध्या माणसांना प्रश्न विचारले, त्यांचं बोलणं टेप केलं आणि ते जसंच्या तसं क्लेच्या प्राण्यांच्या तोंडी घातलं. पहिल्या लघुपटातले प्राणी प्राणिसंग्रहालयात राहतात आणि तिथली सोय-गैरसोय सांगतात. आवाज असतात वृद्धाश्रमातल्या आजींचे, वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबांचे. वाघ-बिबट्याच्या कुळातला एक प्राणी जागा अपुरी आहे, हवा थंड आहे, जेवण बेचव आहे म्हणून हातवारे करून तक्रार करतो. तो आवाज इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका ब्राझीलच्या विद्यार्थ्याचा. बिचारा स्वतःच्या राहण्या-खाण्याबद्दल बोलत होता!

हसू का येतं?

ही मालिका पाहताना आपण हसतो ते विनोदी वाक्यांना नाही. माणसं अडखळतात, 'म्हणजे... कसं सांगू...' करतात, एक वाक्य अर्धवट सोडून दुसरं धरतात, मध्येच उसासा टाकतात. हे सगळं त्या मंडळींनी कापून टाकलं नाही. उलट त्या प्रत्येक अडखळण्याला प्राण्याच्या चेहऱ्यावर जागा दिली. बोलताना नजर कुठे वळते, हात कशाशी चाळा करतो, हे दाखवायला तासन् तास खर्च केले. तोंडाने 'आमचं छान चाललंय' म्हणणारा प्राणी पिंजऱ्यात अंग चोरून बसलेला असतो, आणि आपल्याला खरं काय ते कळतं.

या पद्धतीचा उगम विनोदात नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन यांनी 'डाउन अँड आउट' नावाचा लघुपट केला होता. त्यात साल्व्हेशन आर्मीच्या निवाऱ्यात टेप केलेलं खरं संभाषण क्लेच्या माणसांच्या तोंडी होतं. परिस्थितीने गांजलेला म्हातारा माणूस आणि टेबलापलीकडचे कर्मचारी, इतकाच मामला. तो पाहून हसू येत नाही. पण ऐकण्याची शिस्त तीच: समोरच्याचं बोलणं आपल्या शब्दांत बदलायचं नाही.

डॉक्टर म्हणून मला ही मालिका आवडते ती या शिस्तीमुळे. आम्हाला वैद्यकीय शिक्षणात केस पेपर लिहायला शिकवतात, तेव्हा पहिला नियम असतो की मुख्य तक्रार रुग्णाच्या शब्दांत लिहायची. आजाराचं नाव नंतर. हा नियम पुस्तकात आहे. प्रत्यक्षात मात्र तो दोन्ही बाजूंनी मोडला जातो, डॉक्टरांकडून आणि तुमच्याकडूनही.

'गॅस' नावाचा गोंधळ

१९९० च्या दशकात याच बोलक्या प्राण्यांना घेऊन ब्रिटनमध्ये विजेवर चालणाऱ्या हीटिंगच्या जाहिराती झाल्या. जाहिराती अफाट गाजल्या. पण पुष्कळ लोकांच्या लक्षात त्या राहिल्या गॅसच्या जाहिराती म्हणून! आमच्याकडेही 'गॅस' हा शब्द असाच भलत्या गोष्टीला चिकटतो.

'डॉक्टर, गॅस झालाय' हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, 'गॅस हा शब्द बाजूला ठेवा. नेमकं काय होतं ते सांगा.' मग एक जण सांगतो की जेवल्यावर पोट फुगतं, ढेकर आला की बरं वाटतं. दुसरा सांगतो की जिना चढताना छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखं होतं, घाम सुटतो, दोन मिनिटं थांबलं की कमी होतं. शब्द दोघांचा एकच, गॅस. पहिल्याला खाण्यापिण्यातले बदल पुरतील. दुसऱ्याचं दुखणं हृदयाच्या रक्तवाहिनीचं असू शकतं आणि त्याचा ईसीजी ताबडतोब काढायला हवा. घरी सोडा पिऊन, ओवा चावून त्याने दोन दिवस काढले तर ते जिवावर बेतू शकतं. मधुमेह असलेल्यांमध्ये, वयस्करांमध्ये आणि स्त्रियांमध्ये तर हृदयविकाराचा झटका छातीत फारसं न दुखताही येऊ शकतो. नुसती मळमळ, धाप किंवा एकाएकी आलेला थकवा एवढंच जाणवतं. त्यावर आपणच 'पित्त' असं लेबल लावलं, तर डॉक्टरांचं लक्षही त्याच दिशेला वळतं.

'चक्कर' हा असाच दुसरा शब्द. चक्कर म्हणजे काय?

कुणाला कूस बदलली की खोली गरगर फिरते. हे बहुतेक वेळा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचं असतं, आणि त्यातला एक प्रकार डोकं ठरावीक पद्धतीने वळवून घेण्याच्या उपायाने बरा होतो.

कुणाला अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. तिथे रक्तदाबाची गोळी जास्त होतेय का, शरीरातलं पाणी कमी झालंय का, रक्त कमी आहे का, हे पाहावं लागतं.

कुणाला गरगरत नाही आणि अंधारीही येत नाही, पण चालताना पाय ठरत नाहीत. तिथे पायांच्या नसा, बी-१२ जीवनसत्त्व, मेंदूचे काही आजार यांचा विचार येतो.

आणि कुणाला गर्दीत जीव घाबरा होतो, धडधडतं, हातांना मुंग्या येतात. त्यामागे मनावरचा ताण असू शकतो.

चारही जण म्हणतात, 'चक्कर येते.' चौघांनाही तीच एक गोळी दिली, तर तिघांना तिचा काही उपयोग नाही.

मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत!

इथे आपण मराठी माणसं नशीबवान आहोत. ठणकतं, चमकतं, कळ येते, मुरडा येतो, आग होते, चुरचुरतं, हुळहुळतं, टोचतं, जखडतं, आवळल्यासारखं वाटतं, जड पडतं, बधिर होतं, मुंग्या येतात. यातला प्रत्येक शब्द वेगळा आहे आणि आम्हाला तो उपयोगी पडतो.

ठणका लागला की सूज किंवा पू झाल्याची शंका येते. पोटात राहून राहून कळ येत असेल, तर आतडं, पित्ताशय किंवा मूत्रमार्गाकडे लक्ष जातं. कंबरेतून पायात वीज गेल्यासारखी चमक उतरते म्हटलं, की नस दबल्याचा विचार येतो. मधुमेही माणूस रात्री तळपायांची आग होते म्हणाला, तर त्याच्या नसा तपासायला हव्यात. चालताना पोटऱ्या आवळून येतात आणि थांबलं की सुटतात असं सांगितलं, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. या शब्दांवरून निदान पक्कं होत नाही, तपासणी लागतेच. पण सुरुवात कुठून करायची हे कळतं आणि अनावश्यक चाचण्यांचा खर्च वाचू शकतो.

अशी समृद्ध भाषा घरी ठेवून आपण दवाखान्यात येतो आणि म्हणतो, 'पेन आहे,' 'वीकनेस आहे,' 'बीपी लो झालंय वाटतं.' कारण समजण्यासारखं आहे. शिकलेल्या डॉक्टरांपुढे गावचा शब्द कसा वापरावा, असं वाटतं. आता तर इंटरनेटवर वाचून आजाराचं नाव आधीच ठरवून येणारेही पुष्कळ आहेत. वाचून येण्याला माझी हरकत नाही, तुम्ही हा ब्लॉगही वाचताच आहात. पण आधी लक्षणं सांगा आणि शंका शेवटी विचारा. त्या ब्राझीलच्या विद्यार्थ्याने 'मला स्थलांतराचा मानसिक त्रास होतोय' असं म्हटलं असतं, तर त्याचं बोलणं कुणाच्याच लक्षात राहिलं नसतं. त्याने थंडी, जागा आणि जेवण याबद्दल सांगितलं, म्हणून आपल्याला त्याचा त्रास दिसला.

'पण डॉक्टर ऐकतात कुठे?'

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार आणि तो रास्त आहे. यावर अभ्यास झालेले आहेत. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते. सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करता आलं ते जेमतेम २३ टक्के रुग्णांना.

मग न अडवता बोलू दिलं, तर रुग्ण तासभर बोलतील का? स्वित्झर्लंडमधल्या एका रुग्णालयात डॉक्टरांना सांगितलं गेलं की रुग्ण स्वतः थांबेपर्यंत मध्ये बोलू नका. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३३५ रुग्णांचा सरासरी वेळ निघाला ९२ सेकंद. ७८ टक्के लोकांचं बोलणं दोन मिनिटांच्या आत संपलं. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तो फक्त सात जणांना, आणि त्यांचंही सांगणं महत्त्वाचंच होतं असं डॉक्टरांचं मत पडलं.

म्हणजे प्रश्न दीड-दोन मिनिटांचा आहे. आपल्याकडे तीही सहज मिळत नाहीत, हे मी नाकारत नाही. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या माहितीवरून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात प्राथमिक उपचारांसाठी डॉक्टर रुग्णाला देत असलेला सरासरी वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं होता, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात दोन मिनिटांच्या आसपास. बाहेर साठ माणसं बसलेली असताना आतल्या माणसाला निवांत बोलू देणं अवघड आहे. तरी माझं ठाम मत आहे की ती पहिली दोन मिनिटं ही तपासणीच असते. आमच्या व्यवसायाने ती वाचवायला जाऊ नये. आणि वेळ एवढा थोडा असेल, तर तुम्हीही तो आजाराची नावं सांगण्यात घालवू नये.

दुसऱ्याने बोलणं

मालिकेतली आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ज्याचं दुखणं, तोच बोलतो. पहिल्या लघुपटात ध्रुवीय अस्वलांचं कुटुंब आहे. त्यातल्या पिल्लालाही बोलायला मिळतं, आणि त्याने सांगितलेलं कुणी मोठ्या माणसाच्या भाषेत बदलत नाही. पुढच्या मालिकेत 'पेट्स ॲट द व्हेट्स' नावाचा एक भाग आहे. त्यात प्राण्यांच्या दवाखान्यात आलेले प्राणी आपापली रडगाणी ऐकवतात. तो भाग पाहताना आपल्याच दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे आजी खुर्चीत बसलेल्या असतात आणि मुलगा उभ्याउभ्या सांगत असतो, 'तिला काही नाही हो, झोप येत नाही एवढंच.' नवरा बायकोबद्दल सांगतो, आई सोळा वर्षांच्या मुलीबद्दल. हेतू प्रेमाचाच असतो. पण आजींना विचारलं की कळतं, झोप येत नाही कारण रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं, आणि उठताना पडायची भीती वाटते. झोपेची गोळी दिली असती तर आजी नक्कीच पडल्या असत्या. नातेवाइकांनी सोबत जरूर यावं. विस्मरण असलेल्या, बोलू न शकणाऱ्या किंवा अगदी लहान रुग्णांसाठी त्यांनी बोलणं गरजेचंच आहे. बाकीच्यांना मात्र आधी स्वतः बोलू द्या, राहिलेलं तुम्ही भरा.

याच प्राण्यांनी आरोग्याच्या क्षेत्रात प्रत्यक्षही काम केलं आहे. ब्रिटनमधल्या 'लेनर्ड चेशायर डिसॅबिलिटी' या संस्थेने आर्डमनबरोबर २००७-०८ मध्ये 'क्रिएचर डिसकम्फर्ट्स' नावाची मोहीम केली. त्यात काठी घेऊन चालणारा काडीकिडा आहे आणि मागच्या पायांऐवजी चाकं असलेला, लांब अंगाचा कुत्रा. त्यांचे आवाज खऱ्या अपंग व्यक्तींचे आहेत. लोक टक लावून बघतात, गृहीत धरतात, आपल्याशी न बोलता सोबतच्या माणसाशी बोलतात, असा त्यांचा रोजचा अनुभव तिथे हसत-खेळत पुढे येतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला वगळून त्याच्या भावाला 'यांना काय होतंय?' असं विचारणारे आमच्या व्यवसायातही आहेत. प्रत्येक रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात ही मोहीम दाखवावी, असं मला वाटतं.

मालिकेकडून काय घेऊ नये

एक गोष्ट स्पष्ट करतो. मालिकेतलं बोलणं खरं असलं, तरी ते निवडलेलं असतं. पुष्कळ टेप करायचं आणि त्यातलं मजेशीर तेवढं ठेवायचं, हा करमणुकीचा धर्म आहे. दवाखान्यात असं चालत नाही. तिथे कंटाळवाणा तपशीलच कधीकधी कामाचा असतो, उदाहरणार्थ शौचाचा रंग डांबरासारखा काळा झालाय, किंवा तीन महिन्यांत कपडे सैल झालेत. असं काही सांगायला संकोच वाटत असेल, तर आधी तेच सांगा. 'डॉक्टर काय म्हणतील' याची काळजी करू नका. आम्ही हे रोज ऐकतो.

पुढच्या भेटीआधी एवढं करा

१. मुख्य त्रास दोन-तीन वाक्यांत, घरी बोलता तशा भाषेत कागदावर लिहा. शुद्धलेखनाची चिंता नको.

२. केव्हापासून, दिवसातून किती वेळा, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, हे सांगा.

३. दुखणारी जागा बोटाने किंवा तळहाताने दाखवा. एका बोटाने दाखवलेलं आणि अख्खी मूठ छातीवर ठेवून दाखवलेलं, यातून आम्हाला वेगवेगळी माहिती मिळते.

४. 'गॅस', 'चक्कर', 'वीकनेस', 'बीपी लो' हे शब्द तोंडात आले तर लगेच पुढे जोडा, 'म्हणजे मला असं होतं की...'

५. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे आणि चूर्णं पिशवीत घालून सोबत आणा.

६. सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, तेही सांगा. 'माझ्या भावाला असंच होऊन कॅन्सर निघाला' हे वाक्य उठताना दाराशी सांगण्यापेक्षा बसल्याबरोबर सांगितलेलं बरं.

आणि एक अपवाद लक्षात ठेवा. छातीवर दाब व घाम, अचानक धाप, चेहरा वाकडा होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काही झालं तर कागदावर लिहीत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात ताबडतोब जा.

मुलांच्या सुट्टीत ही मालिका घरच्यांबरोबर जरूर बघा. इंग्रजी सगळं कळलं नाही तरी हरकत नाही, चेहरे पुष्कळ काही सांगतात. नंतर घरातल्या वडीलधाऱ्यांना 'काय होतंय?' असं विचारा आणि दोन मिनिटं मध्ये न बोलता ऐका. त्यांनी वापरलेला शब्द लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत तोच शब्द आम्हाला सांगा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या त्रासासाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)